राखलेला तळ

समुद्राच्या तळाचा चिखल गुलाबी रंगवून निवडत बसणं ही माझी नोकरी होती. कोणाला सांगितलं की लोक हसायचे, पण काम खरंच तसं होतं. बोटीतून लोखंडी जबड्याचं एक भांडं दोरीने खाली सोडायचं. ते तळाला टेकलं की आपोआप मिटतं आणि थोडासा तळ तोंडात घेऊन वर येतं. तो चिखल चाळणीत धुवायचा, चाळणीत उरेल ते बाटलीत भरायचं आणि वरून गुलाबी रंगाचं औषध घालायचं. जे जिवंत असतं ते रंग धरतं. वाळू आणि कचरा तसाच राहतो. मग प्रयोगशाळेत ते पांढऱ्या थाळीत ओतून चिमट्याने एकेक गुलाबी ठिपका उचलायचा. किडा, गोगलगाय, खेकड्याचं पिल्लू, आणि नशीब असेल तर तांदळाच्या कणीएवढा शिंपला.

चेन्नईला मी आले ती नवऱ्याच्या मागे. तो इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कारखान्यात गाड्यांचे सुटे भाग तपासतो. शिफ्ट बदलेल तशी कंपनीची बस त्याला वेगवेगळ्या वेळी कोपऱ्यावरून उचलते. वेस्ट मांबलममधलं घर आम्ही घेतलं ते घरमालकीण मराठी बोलते एवढ्याच कारणासाठी. ती तंजावूरकडची. तिचं मराठी जुनं, तमिळ हेल असलेलं. माझं बोलणं तिला सगळं कळायचं, तिचं मला अर्धं. मी गुहागरकडची, प्राणिशास्त्रात एम. एस्सी. झालेली. माशांबद्दल थोडंफार कळतं, एवढ्या भांडवलावर एका संशोधन संस्थेत कंत्राटी सहायक म्हणून लागले.

प्रकल्प स्कॅलप नावाच्या शिंपल्याचा होता. पंख्याच्या आकाराचा, वरून खाली चुण्या पडलेला शिंपला. आमच्या कोकणात तिसऱ्या, खुबे, कालवं यांची घरोघरी ओळख, पण याला घरगुती नाव मी कधी ऐकलं नव्हतं. इथले कोळी सगळ्यांनाच सिप्पी म्हणतात. चेन्नईत तो कोणी मुद्दाम खात नाही. जाळ्यात आला तर कचरामाशांबरोबर वाळवून कोंबड्यांच्या खाद्यात जातो. प्रकल्प चालवणाऱ्या आमच्या सरांचं म्हणणं मात्र असं, की हा शिंपला जिथे वाढतो तो तळ अजून शाबूत आहे असं धरून चालावं. त्याचं पिल्लू आधी पाण्यात तरंगतं. मग कवच जड होतं आणि ते खाली बसायला लागतं. त्या वेळी त्याला धरायला काहीतरी लागतं. शेवाळ चालतं, एखादी काडी चालते, फुटक्या शिंपल्याची कडसुद्धा चालते. तिथे ते रेशमासारखे धागे काढून स्वतःला बांधून घेतं आणि वाढतं. धरायला काही मिळालं नाही तर चिखलात रुतून गुदमरतं.

शहराच्या उत्तरेला ट्रॉलरच्या जाळ्यांनी तळ इतका खरवडला होता, की धरायला काही उरलंच नव्हतं. किनाऱ्याच्या ठरावीक अंतराच्या आत ट्रॉलरने यायचं नाही असा कायदा आहे. तो कायदा सगळ्यांना तोंडपाठ होता.

त्या बाजूच्या एका कोळीवाड्यात आम्ही काम धरलं. बोट भाड्याने घेतली ती दोघा भावांची. थोरला पन्नाशीच्या आसपासचा, कमी बोलणारा, केस पांढरे झालेला. त्याला सगळे अण्णा म्हणत, मीही म्हणू लागले. धाकटा त्याच्याहून बराच लहान, तिशीतला. तो सगळ्यांचा तंबी, म्हणजे धाकटा भाऊ. त्यांची आई, अम्मा, अण्णाच्या घरी, त्याच्या बायको आणि मुलीबरोबर राहायची. माझं तमिळ तेव्हा बाजारापुरतं होतं. अण्णा माझ्याशी सावकाश बोलायचा, एखाद्या लहान मुलाशी बोलावं तसं. तंबी मात्र भराभरा बोलायचा आणि मी बावचळले की स्वतःच हसायचा.

तळाला धरायला काहीतरी द्यायचं, हे आमचं काम. त्यासाठी आम्ही सुरूच्या फांद्या, काथ्याचे दोर आणि जुन्या जाळ्यांच्या पिशव्यांत भरलेल्या शिंपल्या यांच्या मोळ्या बांधल्या. खाली बसाव्यात म्हणून त्यांना दगड लावले. अण्णाचा बाप पूर्वी माशांना जमवण्यासाठी अशाच फांद्या टाकायचा, त्यामुळे हे कोणाला विचित्र वाटलं नाही. तंबीला तर ते काम फार आवडलं. तो गाठी अशा मारायचा की ओढून ओढून माझे हात दुखायचे, पण सुटायच्या नाहीत. किनाऱ्यापासून फार लांब नाही असा एक तुकडा ठरवला. चार कोपऱ्यांना बांबूवर काळी फडकी लावून खुणा तरंगत ठेवल्या आणि मोळ्या सोडल्या.

पहिल्यांदा मोळी वर काढली ती सकाळ मला आठवते. समुद्र सपाट होता, हवेत ओल होती. तंबीने दोर ओढला. मोळी वर आली ती चिखलाने माखलेली, तिच्यावर मऊ, केसाळ असं काहीतरी वाढलेलं. मी ती बादलीत हलवली. पाणी निवळल्यावर काथ्याला चिकटलेली पिल्लं दिसली. नखाएवढी, काही त्याहून लहान, तपकिरी आणि फिकट जांभळी. मी एक सोडवायला गेले तर धागा ताणला गेला, पण तुटेना.

"कसलं घट्ट धरलंय," तंबी म्हणाला.

थोड्या वेळाने त्यातलं एक मोठं पिल्लू स्वतःच सुटलं आणि कवचाची उघडझाप करत बादलीत उडाल्यासारखं पोहलं. तंबीने असं काही कधी पाहिलं नव्हतं. आयुष्यभर त्याने ती मेलेलीच पाहिली होती. तो बादलीपाशी उकिडवा बसला आणि अण्णाने दोनदा हाक मारली तरी उठला नाही.

पुढचा प्रश्न तुकडा राखण्याचा होता. त्यासाठी गावकीची बैठक झाली. देवळासमोरच्या मांडवात सगळे पुरुष बसले. मी आणि सर एका कडेला खुर्च्यांवर. सरांनी स्कॅलपबद्दल सांगितलं, ते लोकांनी ऐकून घेतलं. मग अण्णा उभा राहिला. त्याने सिप्पीचं नावसुद्धा काढलं नाही. फांद्यांवर माकूळ अंडी घालतंय, एवढंच तो म्हणाला. मोळीबरोबर माकळाच्या अंड्यांचे काळे घोस वर आले होते, ते त्याने पिशवीतून आणले होते. ते घोस हातोहात फिरले. माकूळ म्हणजे सोंडांसारखे हात असलेला मऊ प्राणी; त्याला भाव चांगला येतो. गावकीने ठरवलं, की त्या तुकड्यावर गावातलं कोणी तळाला घासणारं जाळं टाकायचं नाही. गळ टाकायला हरकत नाही. जो मोडेल त्याला गाव बंद.

ते साल बरं गेलं. तुकड्यातला चिखल चाळला की तळाशी शिंपल्यांचे तुकडे, शेवाळाचे धागे, किडे असं बरंच काही उरायचं. बाहेरचा चिखल चाळला तर चाळणी जवळजवळ रिकामी. तांदळाच्या कणीएवढे शिंपले आता थाळीत वरचेवर दिसू लागले. गळ टाकणारे म्हातारे तुकड्याच्या कडेने होड्या थांबवून बसू लागले. सर आनंदात होते. मी घरी जाऊन नवऱ्याला सांगायची. तो शिफ्टवरून दमून आलेला असायचा, तरी ऐकायचा. त्याला त्यातलं किती कळायचं देव जाणे.

त्याच साली तंबीला दुसरी मुलगी झाली. दोन घरं एका फायबरच्या होडीवर चालेनात. बंदरातल्या एका ट्रॉलरवर खलाशी हवे होते, तो तिकडे गेला. हुशार होता. खलाशाचा तांडेल व्हायला त्याला वेळ लागला नाही. अण्णाला ते आवडलं नसावं. अम्मा मात्र सांगत सुटायची, माझा धाकटा मोठी बोट चालवतो. आमच्या होडीवर तंबीच्या जागी अण्णाच्या बायकोचा भाऊ येऊ लागला. तो चांगला होता, पण त्याच्या गाठी सुटायच्या.

उन्हाळ्यातली मासेमारीबंदी उठली आणि ट्रॉलर पुन्हा समुद्रात गेले. त्यानंतर आम्हाला पंधरवडाभर होडी काढता आली नाही, वारा होता. शेवटी एका सकाळी निघालो. अण्णाने माझ्या हातातल्या जीपीएसवर नजर टाकली आणि इंजिन मंद केलं. खुणेचा बांबू दिसेना. दुसऱ्या कोपऱ्याला गेलो, तिथेही नव्हता. अण्णाने इंजिन बंद केलं. मी भांडं खाली सोडलं. ते वर आलं तेव्हा त्यात नुसती पेज होती. राखाडी, पातळ, दाणा नसलेली. चाळणीत ओतली तर सगळी निघून गेली. पुन्हा सोडलं, पुन्हा तेच. शेवटी गळाने चाचपत चाचपत काथ्याच्या दोराचा एक तुकडा हाती लागला. त्याला तंबीची गाठ होती, ती अजून पक्की होती. दोर तिच्या पलीकडे तुटला होता.

"परत जाऊ," अण्णा म्हणाला. त्याने इंजिन सुरू केलं.

मी चाळणी, बाटल्या धुवायला अण्णाच्या घरी थांबले. अम्मा पडवीत सुकट निवडत होती. दुपारी तंबी आला. चपला न काढता दारातच उभा राहिला. स्वतःच्या मुलींसाठी आणलेली केळी त्याच्या हातात तशीच होती.

"ये की आत," अम्मा म्हणाली.

तो आला नाही. अण्णाकडे बघून म्हणाला, "तुम्ही जाऊन आलात ना आज?"

"आलो."

"आमची बोट होती."

अण्णाने विचारलं, "चालवत कोण होतं?"

"मी."

"मालकाने सांगितलं?"

"मालकाला काय माहीत तिथे काय आहे ते. बंदी उठल्यापासून जाळं रिकामं येत होतं. सगळे खलाशी माझ्या तोंडाकडे बघत होते. कुठे भरेल ते मलाच माहीत होतं." त्याने केळी दुसऱ्या हातात घेतली. "एकदाच ओढायचं असं ठरवलं होतं, अण्णा. मग बाकीच्या बोटींनी पाहिलं."

"भरलं का?"

"भरलं. माकूळ होतं, मोठमोठं."

"आणि सिप्प्या?"

तंबी माझ्याकडे बघेना. "फळीवर पडल्या होत्या. फावड्याने परत ढकलल्या."

अण्णा उठला, आत गेला आणि त्याने दार लोटून घेतलं. अम्माला आधी काही उमगलंच नाही. ती तंबीला म्हणाली, "केळी दे इकडे, काळी पडतील." त्याने केळी पायरीवर ठेवली आणि निघून गेला.

मी तिथेच हातात ओली चाळणी घेऊन उभी होते. त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. इतकी मेहनत करून आम्ही समुद्रात एक भरलेली जागा तयार केली होती, आणि ती भरली म्हणूनच ती लुटली गेली.

गावकी पुन्हा बसली. या वेळी आम्हाला बोलावलं नव्हतं. जे झालं ते मला नंतर अण्णाच्या बायकोने सांगितलं. तंबीने काही लपवलं नाही. बाकीचे ट्रॉलर परगावचे, त्यांना गावकी काय करणार. गावचा माणूस तेवढा एकच होता. पंचांनी अण्णाला विचारलं, तू थोरला आहेस, तुझी मोळी होती, तू माफ करतोस का? अण्णा म्हणाला, "मोळी माझी नव्हती. तुकडाही माझा नव्हता. मी माफ करून काय होणार?" मग ठरल्याप्रमाणे झालं. तंबीला गाव बंद.

तो बायकोमुलींना घेऊन बंदराजवळच्या एका खोलीत राहायला गेला. अम्माही त्याच्याबरोबर गेली, हे मात्र कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. ती अण्णाला एवढंच म्हणाली म्हणे, की तुला सगळं गाव आहे, त्याला कोण आहे. कपड्यांचं गाठोडं आणि देवाची तसबीर घेऊन ती रिक्षात बसली. अण्णाने रिक्षावाल्याला पत्ता समजावून सांगितला.

आम्ही पुन्हा मोळ्या टाकल्या. अण्णा येत राहिला, सांगेल ते करत राहिला. पण तळ गढूळ झाला होता, गाळ बसायला तयार नव्हता. पिल्लं आली थोडी. मोळी वर काढली की काथ्याला चिकटलेलीच असायची, पण कवच उघडं आणि आत चिखल. ती मी मोजली नाहीत, नुसती बाटलीत भरली. पुढच्या हंगामात ट्रॉलर पुन्हा येऊन गेले. त्या वेळी त्यांना वाट दाखवायला कोणाची गरज पडली नाही.

प्रकल्पाची मुदत संपली, वाढवून मिळाली नाही. सरांनी अहवाल लिहिला. त्यात या सगळ्यावर एक वाक्य होतं, की अभ्यासक्षेत्रात मानवी हस्तक्षेपामुळे व्यत्यय आला. सर वाईट नव्हते. दुसरं काय लिहिणार होते? मी एका शाळेत जीवशास्त्र शिकवायला लागले. वेस्ट मांबलमहून चालत जाता येतं, पगार वेळेवर होतो. पहिले काही महिने रोज सकाळी मला वाटायचं, आज वारा कसा आहे ते बघावं.

वर्षभराने अण्णाच्या बायकोचा फोन आला. अम्मा गेली होती. झोपेतच गेली, तंबीच्या खोलीवर.

मी गेले. तिच्या गावीच सगळं करायचं म्हणून तिला गाडीतून आणलं होतं. तिकडे बापाला अग्नी थोरला मुलगा देतो आणि आईला धाकटा. त्यामुळे गावकीला तंबीला गावात घ्यावं लागलं. पंचांनी सांगितलं, विधी होईपर्यंत कोणी अडवायचं नाही. तो आला तेव्हा गल्लीतले लोक बाजूला सरकले. कोणी त्याला टाकून बोललं नाही, कोणी जवळही घेतलं नाही. न्हाव्याने त्याचं डोकं भादरलं. त्याचे कान एवढे मोठे आहेत हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. खांद्यावर पाण्याचं मडकं घेऊन तो फेरे घालू लागला तेव्हा मडकं एका बाजूला कलायला लागलं. अण्णा मागून आला आणि त्याने मडक्याला खालून हात लावला. तिन्ही फेरे दोघं तसेच चालले. एकमेकांकडे त्यांनी पाहिलं नाही. मडकं फुटल्यावर अण्णाने हात काढून घेतला आणि तो पुरुषांच्या गर्दीत जाऊन उभा राहिला.

मला वाटलं, आता होईल. बायकांनाही तसंच वाटलं होतं. सोळाव्या दिवसाचं, आपल्या तेराव्यासारखं, जेवण झाल्यावर पंचांपैकी एक म्हातारा तंबीला म्हणालाही, आता ये परत, झालं ते झालं. मी त्या दिवशीही गेले होते. तंबी म्हणाला, "इथे येऊन काय धरू?" आणि पानावरून उठला.

नळावर हात धुताना तो माझ्या शेजारी आला. मला म्हणाला, "मॅडम, तो तळ परत होतो का पहिल्यासारखा?"

त्याला खोटं सांगायची इच्छा झाली होती. "कोणी हात लावला नाही तर होईल," मी म्हटलं. "वेळ लागेल. आसपास मोठे शिंपले उरले असले तर त्यांची पिल्लं येतील."

"हात कोण लावणार नाही?" त्याने विचारलं. त्यात उपरोध नव्हता. त्याला खरंच ते जाणून घ्यायचं होतं. त्याने लुंगीला हात पुसले, मुलीला कडेवर घेतलं आणि बसथांब्याकडे गेला.

पुढे त्याने बंदरही सोडलं. मंगळूरकडच्या कुठल्याशा बोटीवर गेला, बायकोमुलींना घेऊन. पहिले काही महिने अण्णाच्या बायकोला फोन करायचा, मग तेही थांबलं.

अण्णा अजून होडी काढतो. तरंगतं जाळं लावतो, बांगडा, तारली मिळेल ते आणतो. त्या तुकड्याच्या बाजूला जात नाही; दक्षिणेकडे वळतो, तिकडे डिझेल जास्त लागलं तरी. मी पोंगलला फोन करते; सणाचं नाव तेच आणि त्या दिवशी शिजणाऱ्या गोड भाताचंही. गेल्या पोंगलला केला तेव्हा बराच वेळ वारा, इंजिनाची दुरुस्ती, माझी शाळा असं बोलणं झालं. मुलगी लग्न होऊन गेली, असं त्याने सांगितलं. मी विचारलं, मग घरी आता कोण असतं?

"आम्ही दोघंच," तो म्हणाला. "पोंगल थोडाच केला. तरी उरला."